दोन पाळक, दोन घरे : ‘द बुक ऑफ डॅनियल’ पाहावी की ‘राइड अपॉन द स्टॉर्म’?

ख्रिस्ती पाळकाची, म्हणजे धर्मगुरूची, श्रद्धा आणि त्याचे घर या विषयावर एखादी मालिका पाहायचे मनात असेल, तर निवड करण्याजोग्या दोन मालिका आहेत. पहिली २००६ मधली अमेरिकन ‘द बुक ऑफ डॅनियल’, जी वादामुळेच लोकांच्या लक्षात राहिली; आणि दुसरी २०१७ मधली डॅनिश ‘हेरेन्स वाये’, जी डेन्मार्कबाहेर ‘राइड अपॉन द स्टॉर्म’ या नावाने ओळखली जाते. वसई किंवा गोव्यातले अविवाहित कॅथलिक फादर ज्यांच्या परिचयाचे आहेत, त्यांच्यासाठी आधी एवढे सांगितले पाहिजे की या दोन्ही मालिकांतील धर्मगुरू प्रॉटेस्टंट परंपरेतले, म्हणजे एक एपिस्कोपल (अँग्लिकन पंथाच्या अमेरिकन शाखेचा) आणि दुसरा ल्यूथरन (मार्टिन ल्यूथरच्या पंथाचा), असल्यामुळे त्यांना बायको-मुले असणे ही रीतीला धरूनच असलेली गोष्ट आहे. दोन्ही कथांचा सारा ताण त्यातूनच येतो, कारण रविवारी वेदीपाशी उभा राहणारा माणूस सोमवारी त्याच मुलाबाळांसमोर चहाला बसतो.

अमेरिकन मालिकेचा नायक रेव्हरंड डॅनियल वेब्स्टर (एडन क्विन) न्यूयॉर्कजवळच्या सुखवस्तू वेस्टचेस्टरमध्ये राहतो आणि वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी गेलेला आहे. एका मुलाचा रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू झाला आहे, दुसरा समलिंगी आहे, मुलगी गांजा विकताना पकडली जाते, पत्नी दुपारपासूनच मद्याचा ग्लास हातात घेते, आईला स्मृतिभ्रंश झाला आहे आणि मेव्हणा चर्चचा पैसा घेऊन पसार झाला आहे. एवढे सगळे एकाच घरात पहिल्याच आठवड्यात कोंबण्याची काय गरज होती, हा प्रश्न प्रेक्षकाला पडतो आणि तो रास्तच आहे. याशिवाय येशू स्वतः डॅनियलला दिसतो: पांढरा झगा, दाढी, आणि गाडीत शेजारच्या आसनावर बसून मित्रासारखा बोलणारा. डॅनियलने गोळी तोंडात टाकली की तो नापसंती दाखवतो, पण हात धरत नाही.

वाद पेटला तो मुख्यतः याच येशूवरून आणि समलिंगी मुलावरून. एपिस्कोपल चर्चने २००३ मध्ये जीन रॉबिन्सन या उघडपणे समलिंगी असलेल्या धर्मगुरूंना न्यू हॅम्पशायरचे बिशप केले होते आणि त्यावरून ते चर्च आतून दुभंगण्याच्या बेतात होते, हे ध्यानात घेतले तर मालिकेने किती दुखऱ्या जागी बोट ठेवले होते ते कळते. अमेरिकन फॅमिली असोसिएशन या परंपरावादी ख्रिस्ती संघटनेने प्रक्षेपणाआधीच मोहीम उघडली, जाहिरातदार बिचकले, आणि आर्कान्सातील लिटल रॉक व इंडियानातील टेरे होट येथील, मालिका दाखवणाऱ्या एनबीसी या वाहिनीशी संलग्न केंद्रांनी मालिका दाखवण्यास नकार दिला. ६ जानेवारी २००६ रोजी सुरू झालेली ही मालिका तीन शुक्रवारांत चार भाग दाखवून बंद झाली. चित्रित झालेले आठही भाग त्याच वर्षी डीव्हीडीवर आले.

गंमत अशी, की ज्यांनी तिला धर्मविरोधी ठरवले त्यांनी ती नीट पाहिली असती तर ती किती भाविक आहे हे त्यांच्या लक्षात आले असते. डॅनियलच्या गोळ्या सुटत नाहीत, त्याचे घर विस्कटते, परंतु देव आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे याविषयी त्याला क्षणभरही संशय येत नाही; संशय यावा तरी कसा, देव शेजारीच बसलेला असतो! माझ्या मते हीच या मालिकेची खरी उणीव आहे. ज्या श्रद्धेची परीक्षाच होत नाही, तिच्याविषयी पटकथेला फारसे काही सांगता येत नाही आणि मग उरतात ती एकामागून एक येणारी कौटुंबिक प्रकरणे. एलन बर्स्टिन यांनी रंगवलेली बिशप मात्र पाहण्यासारखी आहे. मोहाविषयीच्या सैल उपदेशाबद्दल डॅनियलला फैलावर घेणारी ही बाई जेव्हा जेव्हा येते, तेव्हा मालिकेला तेज चढते.

‘बोर्गेन’ या डॅनिश राजकीय मालिकेचे कर्ते अॅडम प्राइस यांच्या डॅनिश मालिकेत देव असा शेजारी येऊन बसत नाही. योहानेस क्रो (लार्स मिकेलसेन) हा पिढ्यान्‌पिढ्या पाळकी करणाऱ्या घराण्यातला कोपनहेगनचा धर्मगुरू आहे. तो बिशपपदाच्या निवडणुकीत एका स्त्री उमेदवाराकडून हरतो आणि दारूत बुडतो. धाकटा मुलगा आउगुस्ट बापाच्या वाटेने पाळक झाला म्हणून लाडका आणि थोरला क्रिस्तियान ती वाट सोडून भरकटला म्हणून नावडता. हा भेदभाव योहानेस इतक्या सहजतेने करतो की जेवणाच्या टेबलावरील एखादे साधे वाक्यही फटक्यासारखे बसते. येथे श्रद्धा हे बापाच्या हातातले हत्यार आहे. आउगुस्ट लष्करी पाळक म्हणून युद्धभूमीवर जातो आणि तेथून जे ओझे घेऊन परततो, त्याला बापाचा देव पुरा पडत नाही. क्रिस्तियानला नेपाळात बौद्ध विचारात काही काळ आधार मिळतो. योहानेसची पत्नी एलिसाबेथ दुसऱ्याच नात्यात स्वतःला शोधू लागते. यातले एकही वळण धक्का देण्यासाठी घातलेले वाटत नाही.

पार्श्वभूमीचाही फरक आहे. डेन्मार्कमध्ये ल्यूथरन चर्च हे संविधानाने मान्य केलेले राष्ट्रीय चर्च असून त्याचे सभासद चर्च-कर भरतात, सुमारे सत्तर टक्के लोक नावापुरते तरी त्याचे सभासद आहेत आणि तरीही नित्याच्या उपासनेला बाके रिकामी असतात. योहानेसचा संताप या रिकाम्या बाकांवरचाही आहे. मिकेलसेन यांना या भूमिकेसाठी २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता.

तक्रारी येथेही आहेत. दुसरे पर्व पहिल्याच्या तोडीचे नाही. वीस भागांत काही उपकथानके रेंगाळतात आणि हसू जवळजवळ येतच नाही. संवाद डॅनिशमध्ये असल्यामुळे सबटायटल्सवर नजर ठेवावी लागते; स्वयंपाक करता करता पाहण्याची ही मालिका नाही.

तेव्हा हाताशी सहा-सात तास असतील आणि २००६ मध्ये अमेरिकेत एवढा गदारोळ कशावरून झाला एवढेच जाणून घ्यायचे असेल, तर ‘द बुक ऑफ डॅनियल’ घ्यावी. किंबहुना पहिले दोन भागच पुरेत, कारण कथा मध्येच तुटते आणि पुढचे भाग पाहूनही ती पुरी होत नाही. बाप, मुलगे आणि देव यांच्यातील खरी झुंज पाहायची असेल, तर डॅनिश मालिकेचे पहिले पर्व, म्हणजे दहा भाग, सलग पाहावेत आणि दुसऱ्याचा निर्णय नंतर करावा. घरात नुकतेच दुःख झाले असेल, तर मात्र ती तूर्त बाजूला ठेवावी. अशा वेळी बीबीसीची ‘रेव्ह’ (२०१० ते २०१४) ही अर्ध्या तासाच्या भागांची विनोदी मालिका अधिक सोसवेल; पूर्व लंडनमधल्या पडक्या चर्चचा तिचा पाळक देवाशी मनातल्या मनात बोलतो, आणि त्याला बहुधा उत्तर मिळत नाही.