देवनागरीतील शोभिवंत अक्षरांसाठी बोरू घ्यावा की पॅरलल पेन?

लग्नपत्रिकेवरचे ‘श्री’ किंवा मानपत्राचे शीर्षक स्वतःच्या हाताने वळणदार अक्षरांत काढावे असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यापुढे साधनाची निवड बहुधा दोन पर्यायांवर येऊन थांबते: तासलेला बोरू, म्हणजे काडीची लेखणी, आणि पायलट कंपनीचा चपट्या निबचा पॅरलल पेन. माझ्या मते किमतीच्याही आधी टोकाचा काप पाहावा.

परंपरागत देवनागरी वळणात वरून डावीकडे तिरकी उतरणारी रेघ जाड असते आणि उजवीकडे उतरणारी बारीक. रोमन लिपीत याच्या नेमके उलट घडते. पॅरलल पेनची निब सरळ कापलेली असते, त्यामुळे उजव्या हाताने लिहिणाऱ्याला देवनागरीचा जाड-बारीकपणा साधण्यासाठी मनगट मुरडावे लागते किंवा कागद तिरका लावावा लागतो. बोरूचे टोक मात्र आपल्याला हव्या त्या कोनात तासता येते आणि हात सहज ठेवूनही जाडी योग्य जागी उतरते. ज्याला लिपीचे अंग मुळापासून समजून घ्यायचे आहे, त्याने म्हणूनच बोरूनेच सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

लांब फराट्यांचा प्रश्न वेगळा आहे. ‘श्री’ची वेलांटी शिरोरेघेवरून दूरवर न्यायची, तर बोरूतली शाई मध्येच संपते, त्या कोरड्या होत जाणाऱ्या रेघेचे सौंदर्य मोठे असले, तरी पत्रिकेच्या शंभर पाकिटांवर ते एकसारखे येणार नाही. तिथे काडतुसातून अखंड शाई पुरवणारा पॅरलल पेनच उपयोगी पडतो. १.५ ते ६ मिलिमीटरपर्यंतच्या वेगवेगळ्या रुंदींत तो मिळतो. निबचा कोपरा टेकवला की बारीक नक्षीही काढता येते, आणि दोन रंगांच्या पेनांची टोके क्षणभर एकमेकांना लावली, तर एकाच अक्षरात एका रंगातून दुसरा रंग उमलतो.

सोनेरी अक्षरे करायची असतील, तर पुन्हा बोरूकडेच वळावे. सोनेरी पोस्टर कलर किंवा इंडिया इंक (काजळीची दाट काळी शाई) पॅरलल पेनमध्ये भरल्यास आत सुकून निब तुंबते. बोरूला दोन्ही चालतात, आणि भिजून मऊ झालेले टोक पुन्हा तासून घेता येते.

भिंतीवरच्या किंवा फलकावरच्या मोठ्या अक्षरांसाठी मात्र ही दोन्ही साधने अपुरी पडतात. तिथे चपटा ब्रशच घ्यावा.