फॉग सर्व्हर: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि एका हिरव्या दिव्याविषयी बरेच काही

फॉग म्हणजे काय ते थोडक्यातच सांगतो. २००७ पासूनचे फुकट सॉफ्टवेअर आहे, पीएक्सईने (डिस्कऐवजी नेटवर्कवरून) संगणक उठवतो आणि एका मशीनची इमेज, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल, बाकीच्यांवर उतरवतो. हा रिव्ह्यू खरे तर चार तारे देऊन दोन ओळींत संपला असता. लांबला तो आमच्या मॅनेज्ड स्विचमुळे (नेटवर्कच्या तारा जोडणारी, पासवर्ड टाकून सेटिंग बदलता येणारी पेटी).

फोंड्याच्या एका हायर सेकंडरीची लॅब मी सांभाळतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, म्हणून चवथीच्या सुट्टीत सगळी मशीन विंडोज ११ वर न्यायची ठरली. पेनड्राइव्ह घेऊन एकेका टेबलापुढे बसायची हौस मला नाही, आणि असल्या कामाच्या विकतच्या सॉफ्टवेअरला मशीनमागे परवान्याचे पैसे भरायची संस्थेला नाही. ऑफिसातून निकालात निघालेला डेस्कटॉप उचलला, त्यावर डेबियन (लिनक्सचा एक फुकट प्रकार), डेबियनवर फॉग. खर्च शून्य.

पहिले मशीन नेटवर्कवरून उठवले. आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळाला, टीएफटीपीने (सर्व्हरवरून फाइल आणायच्या साध्या रीतीने) बूटची फाइल उतरली, तिच्यातल्या आयपीएक्सई या छोट्या प्रोग्रॅमचे नाव पडद्यावर आले, मग ठिपके, ठिपके, आणि ‘नो कॉन्फिगरेशन मेथड्स सक्सीडेड’, म्हणजे या खेपेला आयपी मिळालाच नाही. दहा सेकंदांनी रीबूट. पुन्हा तेच.

अशा वेळी जो तो डीएचसीपीचे (आयपी वाटणाऱ्या सेवेचे) ऑप्शन ६६ आणि ६७, म्हणजे बूट सर्व्हर आणि फाइलचे नाव, तपासायला सांगतो, नाहीतर फायरवॉलमधले टीएफटीपीचे ६९ नंबरचे पोर्ट. त्यांना हात लावू नका. फाइल उतरली याचा अर्थ ते सगळे ठीक आहे. त्याच कार्डाने त्याच तारेवरून थोड्याच वेळापूर्वी आयपी घेतला होता. आता का मिळत नाही, एवढाच प्रश्न उरतो.

उत्तर स्विचमध्ये होते. आयपीएक्सई सुरू होताना नेटवर्क कार्ड नव्याने चालू करतो, म्हणजे लिंक क्षणभर पडते आणि परत उभी राहते. स्विचवर जुना स्पॅनिंग ट्री (तारांचे वेटोळे होऊ न देणारी सोय) चालू असेल तर त्याला वाटते, कोणीतरी नवीन आले. मग पंधरा सेकंद ऐकणे, पंधरा सेकंद शिकणे, आणि त्यानंतर पोर्ट (स्विचवरची तार खुपसायची जागा) खुले. या तीस सेकंदांत आयपीएक्सईने हाका मारून मारून नाद सोडलेला असतो. खात्री करायची सोपी रीत अशी: तो दहा सेकंदांचा इशारा आला की ‘एस’ दाबा, आयपीएक्सईची शेल उघडते. अर्धा मिनिट काही करू नका. मग ‘डीएचसीपी’ टाइप करा. आयपी मिळाला तर गुन्हेगार सापडला. आम्हाला लगेच मिळाला.

उपायही सोपा: संगणकांच्या पोर्टांवर ‘पोर्टफास्ट’ किंवा ‘एज पोर्ट’ चालू करायचे, म्हणजे पोर्ट ती वाट न बघता लगेच खुले होते. पण स्विचचा पासवर्ड तो बसवून देणाऱ्या कंपनीकडे, जिच्याशी आमचा वार्षिक करार आहे. फोन केला. पणजीहून माणूस आला, रॅक उघडला, दिव्यांकडे बोट दाखवून म्हणाला, “सर, लाइट ग्रीन आहे, म्हणजे पोर्ट ओके. तुमचे सॉफ्टवेअर फुकटातले ना, त्यालाच प्रॉब्लेम.” आणि भेटीचे बिल पुढे केले. पोर्ट वाट बघत असतानाही दिवा पेटलेलाच असतो, हे मी त्याला समजावत होतो. तो बिलावर सही मागत होता. पासवर्ड देणे ‘पॉलिसीत बसत नाही’ म्हणे. अहो पात्रांव, स्विच आमचा, पैसे आमचे, आणि किल्ली तुमच्या खिशात!

शेवटी बाजारातून हजारभर रुपयांचा पाच पोर्टांचा साधा स्विच आणला. ना पॅनेल, ना पासवर्ड, ना पॉलिसी. त्याची एक तार मोठ्या स्विचला, बाकी चारांत चार संगणक. आता संगणकाने लिंक कितीदाही पाडली तरी छोट्या आणि मोठ्या स्विचमधली लिंक जागची हलत नाही, त्यामुळे मोठ्याला काही कळतच नाही. चारही मशीन पहिल्या फटक्यात फॉगच्या मेनूवर. एवढ्याशा डबीचे कौतुक जास्त होतेय हे मान्य. पण कराराची वर्षाची रक्कम पाहिलीत तर तुम्हीही कराल. घ्यायचा तर गिगाबिटच घ्या. १०० एमबीपीएसचा स्वस्त पडतो, पण तारेवरून सेकंदाला बारा एमबीच्या वर जात नाही.

आता फॉगविषयी. मल्टिकास्ट मला सुरुवातीला सर्वांत आवडले होते: एकच प्रवाह सोडायचा, सगळ्या रांगेने एकदम प्यायचा. आता ते बंद आहे. मल्टिकास्टमध्ये सर्वांत हळू मशीनच्या चालीने सगळ्यांना चालावे लागते. आमच्याकडे खिडकीजवळच्या टेबलांवर पावसाची दमट हवा येते, आरजे४५ च्या (नेटवर्कच्या तारेच्या टोकाच्या कनेक्टरच्या) धातूच्या दातांवर हिरवट थर चढतो. असे एक मशीन गुपचूप १०० एमबीपीएसवर घसरले होते आणि सगळी रांग रांगत होती. हल्ली युनिकास्टवर (प्रत्येक मशीनला वेगळा प्रवाह) मोजकीच मशीन एका वेळी सोडतो, बाकीची फॉग आपणच रांगेत उभी करतो. कनेक्टर बदलले तरी मल्टिकास्टकडे परत गेलो नाही. एक मशीन अडले तर एकच अडते, हे बरे.

काही मशीनवर ‘आयपीएक्सई.ईएफआय’ ही बूटची फाइल रिअलटेकच्या नेटवर्क कार्डाशी जुळेना. तिथे ‘एसएनपीओन्ली.ईएफआय’ दिली. ती स्वतःचा ड्रायव्हर न वापरता मशीनच्या फर्मवेअरमधलाच वापरते. प्रश्न मिटला. एनव्हीएमई डिस्क फॉगला दिसली नाही तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) स्टोरेजची पद्धत ‘रेड’वर आहे का पाहा, ‘एएचसीआय’ करा. पण आधीच बसवलेले विंडोज त्याने उठेनासे होऊ शकते, म्हणून हे मास्टर, म्हणजे ज्याची इमेज घ्यायची ते मशीन, तयार करण्याआधी. विंडोज ११ नवीन बसवताना डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणे) आपोआप चालू झालेले असू शकते. इमेज घेण्याआधी ते पूर्ण काढून टाका आणि फास्ट स्टार्टअपही (विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपणे) बंद करा. नाहीतर फॉग डिस्कचे विभाजन (पार्टिशन) वाचायला नकार देतो, आणि तो नकार बरोबरच असतो.

सिक्युअर बूट (ओळखीची सही असलेलेच सॉफ्टवेअर उठू देणारी सोय) मात्र खरी कटकट. आमच्या आवृत्तीत ते बंद केल्याशिवाय फॉग उठत नाही, म्हणजे प्रत्येक मशीनच्या बायोसमध्ये हाताने जाणे आले. विंडोज ११ ला मशीन सिक्युअर बूट चालवण्याजोगे असले की पुरते, ते चालू असलेच पाहिजे असे नाही. तरी काम झाल्यावर मी परत चालू करतो. यासाठी अर्धा तारा कापला.

जानेवारीत कराराच्या नूतनीकरणाचा कागद आला तेव्हा प्राचार्यांनी ‘पासवर्ड दिल्याशिवाय सही नाही’ असे त्यावरच लिहून परत पाठवला. पासवर्ड आला. पोर्टफास्ट चालू करायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही.

फॉगला साडेतीन. पाच पोर्टांच्या डबीला पाच. आता डिचोलीच्या शाखेतही फॉगचा स्टोरेज नोड (इमेजची प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर) ठेवायचा विचार आहे, म्हणजे इमेज एकदाच रात्री तिकडे जाईल. मधे साधी ब्रॉडबँड लाइन आहे. असे कोणी चालवत असेल तर प्रत तिकडे पाठवण्याचा वेग किती ठेवला ते कळवा.