बेटावरच्या डागडुजीला गावची टोळी की ठेकेदाराची माणसं?

पाण्याने वेढलेल्या किंवा जंगलात खोलवर असलेल्या पर्यटन संकुलाच्या इमारती सांभाळायचं काम अंगावर आलं, की पहिल्या महिन्यातच एक निर्णय घ्यावा लागतो. जवळच्या गावातली पाच-सहा माणसं कायमची हाताशी ठेवायची, की गोंदिया-नागपूरच्या ठेकेदाराला वर्षाचं देखभालीचं काम देऊन टाकायचं? मी दोन्ही करून पाहिलं आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांध ते अर्जुनी मोरगावच्या पट्ट्यात, एका जलाशयाच्या मधल्या टेकडीवर आमचं संकुल आहे. दिवाळीच्या सुमारास पाणी भरलेलं असतं तेव्हा बोटीशिवाय येता येत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की एका बाजूने ट्रॅक्टर कसाबसा पोचतो. तुमच्या दारापर्यंत डांबरी रस्ता असेल तर पुढचा बराचसा हिशेब तुम्हाला लागू होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मजुरीचे आकडे देत नाही. ते हंगामागणिक बदलतात आणि तुम्हाला ते माझ्याइतकेच ठाऊक असतील. वर्षाच्या शेवटी दोन्हींचा खर्च मला तरी फार वेगळा दिसला नाही.

ठेकेदाराच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. त्याच्या माणसांच्या हाताला सफाई असते. न्हाणीघराचा उतार जाळीकडे बरोबर मिळतो, टाइल्सची रेघ सरळ येते, कोपरे घोटलेले असतात. हंगाम सुरू व्हायच्या आधी आम्हाला नवी स्वच्छतागृहं हवी होती, तेव्हा त्यांच्या टोळीने ज्या वेगाने ती उभी केली तो वेग गावच्या टोळीला जमला नसता. मिक्सर, लोखंडी परांची, कटर सगळं त्यांचं. जीएसटीचं एकच बिल येतं, त्यामुळे हिशेब तपासणारे खूश. विजेच्या कामाला परवानाधारक वायरमन लागतोच, तोही त्यांच्याकडेच मिळतो. काही जण म्हणतात की ठेका दिला की मजुरांची कटकट आपली राहत नाही. तेवढं मात्र खरं नाही. ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती मूळ मालकाला द्यावी लागते, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे. मजूर शेवटी तुमच्याच दारात येऊन बसतात, आणि त्यांचं बसणं रास्त असतं.

गावच्या टोळीची अडचण वेगळी. ती माणसं आधी शेतकरी, ढिवर म्हणजे मासेमार, मोहफुलं वेचणारी आहेत आणि मग मिस्त्री. मार्च उजाडला की पहाटे अख्खं घर मोहाखाली असतं. मे महिन्यात तेंदूपत्ता. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी म्हणजे धानाची लावणी, तेव्हा तर दुप्पट मजुरी देतो म्हटलं तरी कुणी बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, वर येणार नाही. दिवाळीच्या आगेमागे धानाची कापणी, लगेच गावोगावच्या मंडया म्हणजे जत्रा, आणि मंडईच्या रात्री वडशाच्या एखाद्या नाटक कंपनीचा खेळ. रात्रभर नाटक पाहिलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी छपरावर चढवू नये, हे मी नियम म्हणून पाळतो. थोडक्यात, ज्या पंचांगावर आपलं काम चालतं त्यावर त्यांचं चालत नाही, आणि बदलायचं ते आपल्यालाच.

यातून वाट निघते, पण ती बसवायला एखादं वर्ष जातं. कवेलू फेरायचं, म्हणजे छपराची कौलं नव्याने बसवायचं, कामच घ्या. मृग लागायच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत छप्पर तयार हवं. मे महिन्यात करू म्हणाल तर सकाळी माणसं तेंदूच्या फडीवर आणि दुपारी ऊन इतकं की कवेलूला हात लावता येत नाही. म्हणून मोह संपून तेंदू सुरू व्हायच्या मधला एप्रिलचा उत्तरार्ध आम्ही छपरासाठी राखून ठेवतो. आदल्या दिवाळीतच टोळीला तसं सांगून ठेवलेलं असतं. वानरांनी फोडलेल्या कवेलूंचा अंदाज घेऊन माल उन्हाळ्याच्या तोंडाशी ट्रॅक्टरने आणून ठेवायचा. ठेकेदार दरवर्षी पत्रे टाकायचा सल्ला देतो. वानरांचा प्रश्न त्याने सुटेलही, पण आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत पाहुणा राहू शकत नाही.

दुसरी अडचण नात्यांची. टोळी एका गावची असली की कुणी कुणाचा साळा, कुणी भाचा. एकाला सगळ्यांसमोर बोललात तर दुसऱ्या दिवशी तिघं येत नाहीत. जे सांगायचं ते बाजूला घेऊन सांगावं, आणि शक्यतो टोळीतल्या वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडून. आमच्याकडे सगळे ज्यांना मामा म्हणतात ते गवंडी आहेत. माझं अर्धं काम त्यांच्या एका वाक्यात होतं.

इथवर वाचून तुम्हाला ठेकेदार बरा वाटत असेल. मलाही वाटत होता. माझा कौल फिरला तो एका बारीकशा गोष्टीवरून: काम झाल्यावर त्यावर पाणी कोण मारणार?

सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी जुळून घट्ट होतं. पाणी आधीच उडून गेलं तर ते जुळणं अर्ध्यावर राहतं आणि वरून छान दिसणारं काम आतून भुसभुशीत राहतं. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस ओल हवी. हल्ली मिळतं त्यातलं पुष्कळसं सिमेंट राखमिश्रित असतं, त्याला किमान १० दिवस; आणि हवा गरम-कोरडी असेल तर भारतीय मानक त्याहून जास्त, १४ दिवसांपर्यंत सांगतं. प्लास्टरचा थर तर पातळ, तो आणखी लवकर सुकतो. हे कुठल्याही मिस्त्र्याला माहीत आहे. अडचण माहितीची नाहीच, माणसाची आहे. ठेकेदाराची टोळी संध्याकाळच्या बोटीने जाते. जावंच लागतं, कारण बेटावर मुक्काम करायला ती तयार नसते. नेटवर्क नाही, डास आहेत, रात्री साप निघतात, जेवण आपल्या चवीचं नाही. शहरातून आलेल्या तरुण पोरांना यासाठी दोष द्यावा असं मला वाटत नाही. पण ती गेली की ताज्या कामाजवळ कुणी उरत नाही.

आमच्या पाण्याच्या टाकीचं आतून-बाहेरून प्लास्टर अशाच एका टोळीने फेब्रुवारीच्या शेवटी केलं. काम देखणं होतं, खोटं कशाला बोलू. आरशासारखी घोटाई. शेवटची खेप बोटीत चढत होती तेव्हा मामा टाकीला हात लावून उभे होते. मला म्हणाले, "साहेब, इले पानी कोन मारन?" करारात तराई, म्हणजे हे पाणी मारणं, लिहिलेली होती आणि पुढे बिलातही ती लागून आली. प्रत्यक्षात ठेकेदाराचा एक पोरगा दोनदा येऊन नळी फिरवून गेला. वारा सुटलेला, हवा कोरडी. काही दिवसांत दक्षिणेकडच्या बाजूला केसासारख्या बारीक रेघा आल्या आणि हळूहळू त्यांची जाळी झाली. पावसाळा संपेपर्यंत टाकीच्या बाहेरच्या अंगाला ओल फुलली होती. दुरुस्ती करायला टाकी रिकामी करावी लागते, आणि टाकी रिकामी म्हणजे संकुल बंद. ते काम निघालं नेमकं पाहुण्यांच्या हंगामात.

मधला मार्गही करून पाहिला: काम ठेकेदाराचं, पाणी गावच्या माणसांचं. ऐकायला हे फार सोयीचं वाटतं. पण तडा गेला की ठेकेदार म्हणतो तुमच्या लोकांनी पाणी मारलं नाही, आणि आमची माणसं म्हणतात यांनी माल कोरडा कालवला. दोघांचंही थोडं खरं असतं. खात्री करायला तडा फोडून आत पाहिलं तरी दोष कुणाचा ते दिसत नाही. ज्याच्या हाताखालून काम गेलं तोच पुढचे दिवस त्याच्याजवळ राहिला पाहिजे, या निष्कर्षावर मी आलो तो या वादांमुळे. रस्त्यालगतच्या इमारतीत ठेकेदाराला फोन केला की तासाभरात माणूस येतो, तिथे हा प्रश्न इतका टोकाला जाणार नाही. आमच्याकडे बोट चुकली की दिवस गेला.

पुढे त्या टाकीचं प्लास्टर गावच्या टोळीने पुन्हा केलं. घोटाई तितकी नितळ नाही. उजेड तिरपा पडला की थापीचे पट्टे दिसतात. पण टोळीतली एक रेजा, म्हणजे बांधकामावरची मजूर बाई, तिला सगळे काकू म्हणतात, पहाटे चूल पेटवायच्या आधी आणि परत दुपारी टाकीभोवती फिरायची. बाहेरच्या अंगाला तिने ओली बारदानं गुंडाळली होती. ती बारदान थोडं उचलून भिंतीला तळहात लावायची. भिंत गार लागली की पुढे सरकायची, कोमट लागली की तिथेच थांबून मगाने पाणी घालायची. तिला कुणी तक्ता दिला नव्हता. धानाच्या बांधीत पाणी किती आहे हे पायानेच ओळखणारी बाई ती. त्या टाकीला आजवर ओल आलेली नाही. मोजमाप म्हणून माझ्याकडे एवढंच आहे.

आणि हे पाणी फक्त सिमेंटपुरतं नाही. सौर पॅनेल आणि तडितरक्षकाच्या अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला तर त्याचा उपयोग खूप कमी होतो, आणि आपल्याकडे विजांचे कडकडाट सुरू होतात ते मे-जूनमध्ये, नेमकी जमीन सुकलेली असताना. त्या खड्ड्यात पाणी ओतायला कुणी तरी तिथे राहणारं लागतं. बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहणं, पहिल्या पावसाआधी पन्हळीतला पालापाचोळा काढणं, खांबाच्या बुडाशी वाळवीची मातीची रेघ चढलेली दिसली की त्याच दिवशी खरडणं, यातलं एकही काम ठेकेदाराच्या भेटीच्या दिवसाची वाट पाहत नाही. खरं तर यातलं एकही काम वर्षाच्या करारात नीट लिहिताही येत नाही.

बांबूच्या बाबतीत तर गावचाच माणूस हवा. आमच्या व्हरांड्याचे कठडे बांबूचे आहेत. शहरातून आणलेल्या बांबूतून वर्षभरात पिवळी भुकटी गळायला लागली, कारण आतल्या पिठूळ भागावर किडा जगतो. गावची माणसं बांबू कापून कित्येक दिवस तलावात बुडवून ठेवतात, तो पिठूळ अंश पाण्यात निघून जातो. त्यावर बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडची मात्रा आम्ही जोडून दिली. आता कठडे टिकतात.

तरीही सगळं गावच्या टोळीकडे द्या असं मी म्हणणार नाही. स्लॅब, मोठं वॉटरप्रूफिंग, सौर यंत्रणेची जोडणी आणि विजेचं फिटिंग मी आजही बाहेरून करून घेतो. पण स्लॅबचं काम असलं की अट घालतो: आळी बांधून पाणी साठवायचं, आणि ठेकेदाराचा एक मिस्त्री ती मुदत संपेपर्यंत बेटावर राहायचा. त्याच्या राहण्या-जेवणाची सोय आमची, बिलाचा शेवटचा हप्ता तो परत निघाल्यावर. या अटीला काही ठेकेदार नाही म्हणतात. नाही म्हणणारा माझ्या दृष्टीने परस्पर बाद होतो, त्यामुळे निवडही सोपी होते.

तुमच्याकडे माणसं सांभाळायला स्वतः तिथे राहणारा कुणी नसेल, महिन्यातून एकदाच जाणं होत असेल, तर ठेकेदारच घ्यावा असं मी प्रामाणिकपणे सुचवीन. गावची टोळी दुरून चालत नाही. रोज सकाळी चहाबरोबर दिवसाचं काम बोलायला कुणी तरी हवं, आणि आठवड्याचे पैसे बाजाराच्या आदल्या दिवशी हातात पडायला हवेत. बाजार झाल्यावर दिलेल्या पैशांना अर्धीच किंमत असते. तुम्ही स्वतः मुक्कामी असाल तर मात्र गावचीच टोळी घ्या. आणि तिच्यात निदान एक बाई घ्या.

या हंगामापासून सुरुवात करायची असेल तर धानाची कापणी सुरू व्हायच्या आत गावात जाऊन बोलून या. पहिला माणूस निवडताना हातातलं कसब थोडं कमी असलं तरी चालेल, त्याचं घर किनाऱ्याजवळ आहे का आणि घरात डोंगा, म्हणजे छोटी होडी, आहे का ते आधी विचारा. मजुरी ठरवताना मोह, तेंदू आणि रोवणीचे दिवस सुटीचे म्हणून आधीच कागदावर लिहून घ्या, म्हणजे मार्चमध्ये कुणाचं तोंड पडत नाही. आणि सिमेंटची पोती एकदम आणून ठेवू नका. बेटावरची दमट हवा पोत्यांत शिरते आणि गठ्ठे बसतात. लागेल तेवढाच माल बोटीने आणा, लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा.