चार माणसांचा तंबू : तीन माणसं, एक कुत्रा आणि ऑक्टोबरचं दव

कोजागरीच्या आसपास नागपूरहून सातपुड्यात एका रात्रीसाठी पायी जायचं, सोबत घरची मंडळी आणि कुत्रा, असा बेत असेल तर तंबूच्या पिशवीवर छापलेला माणसांचा आकडा आधी विसरून जा. हे परीक्षण फायबरग्लासच्या दोन काड्यांवर उभ्या राहणाऱ्या, दुहेरी कापडाच्या घुमटी तंबूचं आहे. झोपायची जागा 240 बाय 210 सेंटिमीटर, मधली उंची 130, वजन पाच किलोच्या थोडं वर, बाहेरच्या पडद्याचा पाणी अडवण्याचा आकडा 2000 मिलिमीटर, म्हणजे एवढ्या उंच पाण्याचा दाब कापड गळू न देता सोसतं. हीच घडण वेगवेगळ्या नावांनी विकली जाते, म्हणून नाव न बघता मापं बघा.

240 ला चारने भागलं की माणशी 60 सेंटिमीटर येतात. एवढ्यात मोठा माणूस उताणा झोपू शकतो, पण कूस बदलली की शेजाऱ्याला कोपर लागतं. 25-30 किलोचं लॅब्रेडॉर आडवं पसरलं की एका माणसाची जागा पुरती खातं. दोन मोठी माणसं, दहा-बारा वर्षांचं एक मूल आणि कुत्रा, एवढीच या तंबूची खरी कुवत. आजी-आजोबा येणार असतील तर दोन माणसांचा वेगळा तंबू घ्या. दाटीवाटीत सगळ्यांचीच झोप जाते.

कुत्र्याला तंबूच्या दारापुढच्या पडवीत बांधून ठेवायचा विचारसुद्धा नको. सातपुड्यात बिबट्या गावाच्या कडेपर्यंत येतो आणि कुत्रा हे त्याचं नेहमीचं भक्ष्य आहे. पडवीचा पडदा म्हणजे नुसतं कापड, त्याने काही अडत नाही. कुत्रा आतच झोपला पाहिजे, पायांकडच्या बाजूला, जाळीचं दार बंद करून. त्याची दोरी तंबूच्या काडीला बांधू नका. रात्री कशाच्या तरी वासाने तो उसळला की काडी मोडते. दोरी माणसाच्या मनगटाशी किंवा भरलेल्या सॅकला असावी.

जागेबद्दलही इथेच. पेंच, बोर, मेळघाट, सातपुडा या व्याघ्र प्रकल्पांच्या जंगलात कुत्रा न्यायचा नाही. तिथे नियम आहेच, शिवाय कुत्र्यांमधला डिस्टेंपर हा विषाणूचा रोग वाघांनाही होतो. सावनेर-सौंसर-छिंदवाडा मार्गे तामियाच्या बाजूला, पाताळकोटच्या दरीच्या काठावर, भारिया आदिवासी कुटुंबांच्या वस्तीलगत घरमालकाला विचारून अंगणात किंवा काढणी झालेल्या वावरात तंबू लावणं सगळ्यांत बरं. गावची कुत्री असतात, त्यामुळे आपला कुत्रा पोचल्यापासून दोरीवरच ठेवा.

आता दव. या तंबूची जाहिरात पावसाच्या नावाने होते, पण ऑक्टोबरात पावसापेक्षा जास्त त्रास आतल्या पाण्याचा होतो. आभाळ निरभ्र असलं की बाहेरचा पडदा वेगाने उष्णता सोडतो आणि भोवतालच्या हवेहूनही थंड होतो. माणसाच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाण्याची वाफ निघते. कुत्रा तर धापा टाकूनच अंग थंड करतो. ही सगळी वाफ पडद्याच्या आतल्या बाजूला थेंब होऊन बसते. एकेरी कापडाच्या तंबूत ते थेंब थेट अंगावर पडतात. इथे मधे आतला तंबू आहे म्हणून बचाव होतो, पण दोन कापडांत चार बोटांचं अंतर राहिलं तरच. पडदा सैल असला की कापडं चिकटतात आणि पहाटे पांघरूण ओलं होतं. थंडी वाजते म्हणून बहुतेक जण वरच्या दोन्ही खिडक्या बंद करतात, आणि ओलं होण्याचं मुख्य कारण तेच असतं. खिडक्या उघड्या ठेवा, दाराची चेन वरून एक हात उघडी ठेवा, जाळी मात्र बंद. थंडीवर जाड पांघरूण हाच उपाय. उंचीबरोबर दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे नागपुरात पंखा लावून झोपता त्याच रात्री तामियाच्या उंचीवर गोधडी लागते.

थंड हवा जड असते, ती नाल्याकडे वाहून तिथे साचते. म्हणून नाल्याच्या काठी तंबू नको; थोडं वर, उताराच्या खांद्यावर घ्या. झाडाखाली दव कमी पडतं हे खरं, पण आधी वर बघा: वाळकी फांदी किंवा आग्या मोहोळ असेल तर ती जागा सोडा.

उभारणीला दोघांना वीस मिनिटं पुरतात. खाली प्लास्टिकची ताडपत्री घाला, पण ती तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी बोटभर लहान दुमडा. बाहेर आलेल्या कडेवर पडद्याचं पाणी पडतं आणि सरळ तळाखाली शिरतं. मग समोरासमोरचे दोन कोपरे ठोका, काड्या घाला, उरलेले कोपरे ताणा, शेवटी पडदा. काडी खोबणीतून ओढू नका, ढकला. ओढली की जोड सुटतो आणि तिथेच ती चिरते. चिरलीच तर तीन-चार इंचांची, काडीवर जेमतेम बसणारी धातूची नळी चढवून दोन्हीकडून चिकटपट्टी गुंडाळायची. ही नळी सोबत येत नाही, वेगळी घ्यावी लागते.

खुंट्या ही या तंबूची सगळ्यांत कच्ची बाजू. बारीक तारेच्या आहेत: मुरमात वाकतात, ओल्या काळ्या मातीत सहज उपटतात. इतवारीत लोहाओळीतून सहा इंची खिळे डझनभर घ्या, मुरमाला तेच लागतात. काळ्या मातीत खुंटीवर मोठा दगड ठेवा किंवा दोरी दगडालाच गुंडाळा. पाचपैकी साडेतीन गुण देऊ. दीड गुण खुंट्या आणि तळाच्या कापडाने घालवला.

तळ पातळ आहे आणि कुत्र्याची नखं त्याला भोकं पाडतात, विशेषतः झोपण्याआधी तो गोल फिरून जागा उकरतो तेव्हा. निघण्याच्या चार-पाच दिवस आधी नखं कापा, आत सतरंजी घाला आणि त्याच्या जागी जुनी वाकळ, घरचीच, धुतलेली नको. ओळखीच्या वासावर कुत्रा लवकर निजतो.

पावसाळ्यानंतरचं कुसळी गवत तंबूला आणि कुत्र्याला सारखंच वाईट. कुसळ जाळीत अडकतं, चेनीच्या दातांत शिरून सरक्या निकामी करतं. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात आणि कानात ते एकाच दिशेने आत सरकतं, मागे येत नाही. मुक्कामी पोचल्यावर पहिलं काम बोटं फाकवून, कान उलटवून बघायचं. कुत्रा एकच कान सारखा झटकत असेल तर परतल्यावर सरळ पशुवैद्यांकडे. गोचिडाचं औषध निघण्याच्या दोन दिवस आधी लावून झालेलं असावं. माणसांनीही गवतावर अंग टाकू नये. 2018 मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफस या तापाची साथ आली होती, आणि तो गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून होतो. पूर्ण बाह्या, मोज्यात खोचलेली पॅन्ट, आणि परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं सांगणं.

पाणी कुत्र्यासाठी वेगळं धरा: किलोला 50-60 मिलिलिटर हा घरी बसलेल्या दिवसाचा हिशोब, चालीच्या दिवशी दुप्पट. 25 किलोच्या कुत्र्याला अडीच-तीन लिटर. डबक्याचं पाणी पिऊ देऊ नका, लेप्टोस्पायरोसिस हा जनावरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणारा रोग होऊ शकतो. पोटभर जेवण चालून आल्यावर तासाभराने द्या, चालण्याच्या तोंडावर नाही.

पहाटे ओला पडदा गुंडाळावा लागतोच, त्याला इलाज नाही. घरी आल्यावर त्याच दिवशी गच्चीवर सावलीत, दोरीवर उलटा टाका. शिवणी सुकायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. चिकटलेले कुत्र्याचे केस ओल्या कापडाने पुसा, ब्रशने घासू नका, कापडावरचा पाणी अडवणारा लेप निघतो. मग तंबू सैल गुंडाळून सुती पिशवीत घालून दिवाणात ठेवा. माळ्यावर नको: नागपूरच्या मेच्या उन्हात तिथे भट्टी होते, आणि जराशी ओल राहिली असेल तर आतला लेप चिकट होऊन कापडाला कापड डकतं. असा तंबू पुढच्या कोजागरीला उलगडतच नाही.