पियानो आणि पेटी: पट्ट्या सारख्या, कूळ वेगळं

काळ्या-पांढऱ्या पट्ट्या पाहून ही दोन्ही एकाच कुळातली वाटतात. तसं नाही. पियानोची पट्टी दाबली की नमद्याची हातोडी तारेवर आपटून लगेच मागे येते. 88 पट्ट्यांसाठी दोनशेहून जास्त तारा असतात. म्हणून नाट्यशास्त्रकार भरतमुनींच्या वर्गीकरणात तो तत, म्हणजे तारेच्या वाद्यांत मोडतो आणि त्याचा खरा सोयरा संतूर. त्याला नुसतं आघातवाद्य म्हणणं अपुरं आहे, कारण नाद तारेचाच असतो.

पेटीत तारच नाही. भात्याच्या हवेने पितळी पात्या थरथरतात, म्हणजे ती सुषिर, हवेवर वाजणारी. हवा आहे तोवर स्वर टिकतो. पियानोचा विरत जातो.

दुरुस्तीही वेगळी. पावसाळ्यात पियानोचा लाकडी ध्वनिफलक फुगून सूर चढतात. खुंट्या फिरवून ते जुळवायचे. पेटीचा सूर उतरला तर पातीचं टोक हलकेच घासावं. चुकून मुळाशी घासलं तर तो आणखी उतरतो.