सड्यावरच्या सोसायटीचं गार्डन, दोन पावसाळ्यांनंतर (5 पैकी 2 स्टार)

रत्नागिरी शहराबाहेर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, आमची नवीन सोसायटी आहे, फ्लॅट मिळून दोन वर्षं झाली. फ्लॅटबद्दल माझी काही तक्रार नाही, हा रिव्ह्यू फक्त बिल्डरने करून दिलेल्या लँडस्केपिंगचा आहे. नाव घेत नाही, कारण आजूबाजूच्या बऱ्याच साइटवर हेच चाललेलं दिसतं आणि बुकिंग करणाऱ्याने आधी काय बघावं ते सांगायचंय.

ताबा मिळाला तेव्हा गार्डन बघून आम्ही खूष होतो. गेटपासून दोन्ही बाजूंना फॉक्सटेल पाम, मध्ये कार्पेट लॉन, कडेने गुलमोहर. पहिल्याच पावसात पाम पिवळे पडायला लागले, आम्हाला वाटलं खत कमी पडलं म्हणून शेणखत घातलं, तरी काही नाही. शेवटी माळीदादांनी एक मेलेला पाम उपटून दाखवला, खाली जेमतेम दीड फुटावर सलग कातळ आणि त्यात पाणी तुंबलेलं. म्हणाले, "ह्यो खड्डा न्हाय दादा, वाटी हाय." मुळं पावसाळाभर पाण्यात कुजणार आणि ऑक्टोबरपासून तीच माती विटेसारखी कडक होणार, मग झाड जगेल कसं?

हे इथल्या माणसाला सांगायला लागू नये. सड्यावर हापूस लावणारे कातळ फोडून खड्डा करतात, प्रसंगी सुरुंग लावतात, बाहेरून माती आणून भरतात, पाणी निघून जायला वाट ठेवतात आणि मग कलम लावतात. जांभ्याला भेगा असतील तर मूळ खाली उतरतं, सलग पाषाण असेल तर नाही. बिल्डरकडे जेसीबी होता, ब्रेकर होता, पाया खणतानाच झाडांचे खड्डे काढून घेतले असते तर खर्च कितीसा वाढला असता! आणि साइटवर जी काय वीतभर लाल माती होती ती पहिल्याच महिन्यात ट्रकने गेली. केंद्राच्या 2016 च्या अधिसूचनेत मोठ्या बांधकामांसाठी स्पष्ट लिहिलंय की वरची 20 सेंमी माती काढून साठवायची आणि झाडं लावताना परत वापरायची. तिथेच 80 चौरस मीटरला किमान एक झाड आणि देशी झाडांना प्राधान्य असंही आहे. आमचा प्रोजेक्ट तेवढा मोठा नाही त्यामुळे ती अट लागू नाही, पण मी हिशोब करून बघितला, आमच्या साठ गुंठ्यांच्या प्लॉटला साधारण 75 झाडं होतात. आमच्या नकाशात 60 दाखवलेली, गेल्या महिन्यात मोजली तर जिवंत 31. मोकळी जागा मात्र नियमाप्रमाणे सोडलीये, 4000 चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटला 10 टक्के लागते तेवढी आहे. पण त्यातली निम्म्याहून जास्त लॉन, आणि एप्रिल-मे मध्ये प्यायला टँकर मागवायचे आणि त्यातलंच पाणी लॉनला मारायचं हे मला पटत नाही. सरळ सांगतो, सड्यावर लॉन नकोच.

गुलमोहराची मला जास्त भीती वाटते. फूल सुंदर, पण मुळं उथळ आणि फांदी ठिसूळ, त्यात खाली दीड फुटाची वाटी आणि शेजारी पार्किंग, मुलं तिथेच खेळतात. 2020 च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे माड-पोफळी कशा आडव्या झाल्या ते आपण बघितलंय. खारा वारा सोसणारी झाडं इथलीच आहेत की, उंडी, भेंड, करंज, आणि थोडं आडोशाला बकुळ, सुरंगी, रातांबा (कोकम). लँडस्केपवाल्याच्या यादीत यातलं एकही नव्हतं.

दोन स्टार दिले ते जुन्या रायवळ आंब्यासाठी. तो जुन्या गडग्याच्या (दगडी बांधाच्या) कडेला होता, बिल्डरने तोडला नाही, कंपाउंडची भिंत दोन फूट आत घेतली, त्याबद्दल मनापासून आभार. फक्त पेव्हर ब्लॉक अगदी बुंध्याला चिकटवून बसवलेले, ते आम्ही यंदा सगळीकडून सहा-सहा फूट काढले आणि तिथे पालापाचोळा पसरला. शेजारच्या वहिनींनी त्या झाडाच्या पिकल्या आंब्यांचं सासव (मोहरी वाटून लावलेलं आंब्याचं तोंडीलावणं) केलं, बिल्डिंगभर वाटलं.

बुकिंग करणार असाल तर सॅम्पल फ्लॅट नंतर बघा, आधी पहार घेऊन एखाद्या झाडाच्या बुंध्याशेजारी ठोकून बघा. दोन फुटाच्या आत खणकन वाजली तर खड्डा किती खोल काढणार, माती कुठून आणणार, ताबा दिल्यावर मेलेलं झाड किती वर्षं बदलून देणार हे लिहून मागा. आम्ही नुसतं तोंडी ऐकलं, आणि आता विचारलं की मेंटेनन्स सोसायटीकडे आहे असं उत्तर येतं.

गेल्या मे मध्ये वर्गणी काढून आम्ही तीन खड्डे मीटरभर खोल फोडून घेतले, खालून उताराकडे पाण्याला वाट काढली, दोन उंडी आणि एक भेंड लावला. तिन्ही जगलेत, भेंडाला तर नवी पालवी आलीये. पावसाच्या आधी अजून अकरा खड्डे काढायचेत, ब्रेकरवाल्याला सांगून ठेवलंय.