पहिला शोकान्त ऑपेरा कोणता निवडावा: 'ला बोएम', 'ला त्राव्हियाता' की 'तोस्का'?

तिन्ही इटालियन, तिन्हींत नायिका मरते आणि तिन्ही जगभर सतत रंगमंचावर असतात. म्हणून पहिल्यांदा बघणाऱ्याने डोळे मिटून कोणताही उचलावा असं मात्र नाही. मरणापर्यंत पोचायची तिघींची वाट वेगळी आहे, आणि चुकीची निवड झाली की कंटाळा येतो तो त्या वाटेवरच.

आधी वेळ. पुच्चिनीच्या 'ला बोएम'चं (तुरीन, १८९६) निव्वळ संगीत पावणेदोन तासांच्या आसपास. अंक चार, सगळ्यात लांब पहिला, तोही ३५-एक मिनिटांचा. त्याच्याच 'तोस्का'चे (रोम, १९००) तीन अंक दोन तासांच्या आत संपतात. व्हर्दीच्या 'ला त्राव्हियाता'ला (व्हेनिस, १८५३) सव्वादोन तासांच्या जवळपास लागतात आणि त्यातला दुसरा अंक एकटाच तासाभराचा. वर मध्यंतरं धरा.

संगीत नाटकाची सवय असलेल्याला व्हर्दी आपला वाटतो. पद सुरू होतं, चढतं, ठाशीव संपतं, टाळ्या पडतात, मग गोष्ट पुढे. पुच्चिनी टाळीला फारशी जागा ठेवत नाही. पद संपतंय म्हणेपर्यंत वाद्यवृंद पुढच्या संवादात शिरलेला असतो. ऑपेरात साधं बोलणंही गाऊनच होतं, याची सवय व्हायला पहिली १०-१५ मिनिटं जातात.

'बोएम' आणि 'त्राव्हियाता' शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत, कारण दोन्ही नायिकांना क्षय आहे आणि दोघींचा अंत पॅरिसमध्येच होतो. 'त्राव्हियाता'तल्या व्हिओलेत्ताला आपण मरणार हे ठाऊक असतं. तिसऱ्या अंकात ती एक पत्र वाचते, आणि ते गात नाही, चक्क बोलते; मागे व्हायोलिनवर पहिल्या अंकातली प्रियकर आल्फ्रेदोच्या प्रेमाची धून हलकेच वाजत असते. पत्र संपतं आणि ती म्हणते, 'उशीर झाला'. एवढा वेळ गाणाऱ्या बाईचा आवाज असा उघडा पडला की काळजात चर्र होतं. शेवटी तीच धून परत येते, वेदना थांबल्यासारखं वाटून ती उठून उभी राहते, आनंदाने ओरडते आणि कोसळते.

'बोएम'मधल्या मिमीचं मरण कुणाच्या लक्षातच येत नाही. पहिल्या अंकात प्रियकर रोदोल्फोने तिचा गारठलेला हात हातात घेतलेला असतो. चौथ्यात हात गरम ठेवायला मैत्रीण मुझेत्ता तिच्यासाठी फरचा मफ (दोन्ही हात आत घालायचं उबदार आवरण) आणते आणि तो रोदोल्फोनेच घेतलाय असं खोटं सांगते. मिमी झोपल्यासारखी पडून राहते. मित्रांपैकी शोनारला आधी कळतं. रोदोल्फोला कळतं ते सगळ्यात शेवटी, इतरांच्या नजरा बघून.

'तोस्का'त आजार नाही, सापळा आहे. जून १८००चं रोम, पोलीसप्रमुख स्कार्पिया, आणि प्रियकराला वाचवायला त्याच्याशी सौदा करणारी गायिका तोस्का. देहदंडाचा गोळीबार खोटा असणार या भरवशावर ती प्रियकराला पडायचं कसं ते शिकवते. तो पडतो तेव्हा 'काय कलावंत आहे!' म्हणून खूशही होते. गोळ्या खऱ्या असतात. रहस्यपट आवडणाऱ्याला हा हमखास धरून ठेवतो. पण दुसऱ्या अंकात पडद्याआड चाललेल्या छळाच्या किंकाळ्या ऐकू येतात. लहान मुलांना नेणार असाल तर आधी विचार करा.

फसतं कुठे? 'त्राव्हियाता'त बहुतेक वेळा व्हिओलेत्तापाशी. तिला जणू तीन गळे लागतात: पहिल्या अंकात चपळ तानांचा, दुसऱ्यात दमदार भावगायनाचा, तिसऱ्यात जवळजवळ कुजबुजणारा. पहिल्या अंकाच्या शेवटचा तो अतिउंच स्वर व्हर्दीने लिहिलेलाच नाही, त्यामुळे एखादीने तो टाळला तर नाक मुरडू नये. तिसऱ्या अंकातल्या तिच्या निरोपाच्या पदाचं दुसरं कडवं अनेक प्रयोगांत गाळतात; ध्वनिमुद्रण निवडताना न कापलेलं बघा. 'बोएम'मध्ये टेनरला (उंच पट्टीत गाणाऱ्या नायकाला) पहिल्या पदातला वरचा 'सी' हा स्वर झेपत नसेल तर अख्खं पद अर्ध्या स्वराने खाली घेतात. नवख्याला ते कळतही नाही. एकूण 'बोएम' मध्यम प्रयोगातही तरतो. मध्यम 'त्राव्हियाता' मात्र लांबतो.

आमचा कौल 'बोएम'ला. ज्यांचा कान गायकीवर पोसलाय, मैफलीत तीन तास बसायची ज्यांना सवय आहे, त्यांनी थेट 'त्राव्हियाता' घ्यावा. घरातलं कुणी 'ऑपेरा म्हणजे नुसतं उभं राहून गाणं' म्हणून कुरकुरत असेल तर त्याला 'तोस्का' दाखवा.

कथा आधी वाचूनच जा. शेवट कळल्याने इथे काही बिघडत नाही, उलट उपशीर्षकांवरची नजर सुटून रंगमंचावर राहते. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रयोग मोठ्या पडद्यावर दाखवले जातात, तिथे उपशीर्षकं इंग्रजीत असतात.

'मादाम बटरफ्लाय' यादीत नाही, तो मुद्दामच. दुसरा आणि तिसरा अंक अनेकदा जोडूनच करतात, म्हणजे ८० मिनिटांहून जास्त सलग बैठक, आणि त्यातला बराचसा भाग एका बाईचं वाट बघणं. तो तिसऱ्या-चौथ्या खेपेला.